लाईटमागची बाई

मला राग लवकर येतो. माहेरी म्हणत, हिच्या नाकावर माशी बसली तर बिचारी माशीच मरते. गाडी चालवायला शिकले तेव्हा त्या रागाला चार चाकं मिळाली, एवढाच फरक झाला. मी शिक्षिका आहे. राहते नागपुरात, सक्करदऱ्यात आणि शाळा पारशिवनीच्या अलीकडच्या एका गावात. असं रोज जाण्यायेण्याला आमच्याकडे अपडाऊन म्हणतात. अपडाऊन करणाऱ्याचं निम्मं आयुष्य रस्त्यावर जातं, आणि माझं ते भांडण्यात गेलं.

सगळ्यात जास्त राग मला समोरून डोळ्यांत लाईट मारणाऱ्यांचा. माझा नवरा वाडीला मालाच्या गोदामात कामाला आहे. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी त्याला घेऊन मी अमरावती रोडनं घरी येत होते. समोरून एक उंच गाडी आली. हेडलाईट अप्परवर आणि खाली दोन पांढरे फॉगलाईट. धुक्याचा पत्ता नव्हता. मी दोनदा डिपर दिला, म्हणजे माझे लाईट खाली-वर करून त्याला ‘तुझा कमी कर’ असं सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. मला पांढऱ्याशिवाय काही दिसेना. डावी चाकं डांबराखाली उतरली आणि आरसा एका संत्र्याच्या हातगाडीवर आपटून तुटला. हातगाडीवाल्यानं उडी मारली म्हणून तो वाचला.

दुसऱ्या कोणी देवाला हात जोडले असते. मी गाडी वळवली आणि त्या लाईटवाल्याला पुढच्या पेट्रोल पंपावर गाठलं. डिकीतून चाकाचा पाना काढला आणि एक शब्द न बोलता त्याचा एक फॉगलाईट फोडला. काच उडून माझ्याच बोटात घुसली. त्या माणसानं माझं मनगट पिरगाळलं, नवऱ्यानं त्याची कॉलर धरली, आणि मग ते दोघं एकमेकांना पंपाच्या भिंतीवर आपटू लागले. पंपावरच्या माणसांनी सोडवासोडव केली. घरी येताना नवरा फाटलेली बाही धरून म्हणाला, “तू एक दिवस कोणाचा तरी जीव घेशीन.”

“त्याचाच घेतला असता,” मी म्हटलं.

यानंतर शहाण्या बाईनं काय करायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा मी पुढच्याच आठवड्यात वाडीतल्या लाईट बसवणाऱ्याकडे गेले आणि त्या माणसाच्या गाडीला होते तसेच, त्याहून जास्त वॅटचे फॉगलाईट मागितले. तो कारागीर चांगला होता. म्हणाला, “मॅडम, हे बंपरच्या खाली लावाचे असते. तोंड जमिनीकडे. अन् पिवळे घ्या, पांढरे धुक्यात कामाचे नाही.”

“पांढरेच लाव. अन् तोंड वर कर.”

“समोरच्याच्या डोळ्यात जाईन नं.”

“जाऊ दे. त्याच्यासाठीच लावून राहिली मी.”

त्यानं लावून दिले. गिऱ्हाईकाशी वाद घालून पोट भरत नाही. त्या दिवसापासून जो कोणी मला डोळ्यांत लाईट मारेल त्याला मी दुपटीनं मारायचे. बटण दाबताना मला जे समाधान वाटायचं ते लपवण्यात अर्थ नाही. कोणाच्या कानाखाली वाजवताना वाटावं तसंच ते होतं, आणि हात दुखत नव्हता.

माझ्यासोबत गाडीत आमचे मुख्याध्यापक असत. निवृत्तीला थोडे महिने राहिलेले, अंगानं काटकुळे, थंडीत कानटोपी घालणारे सर. घर नागपुरातल्या जुन्या विणकर वस्तीत. वडिलांचा हातमाग होता, पुढे तो अडगळीत गेला आणि मुलगा मास्तर झाला. शाळेच्या गावात त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. गावातल्या अर्ध्या बापांना आणि त्यांच्या पोरांनाही त्यांनीच पाढे शिकवले होते. माझ्या शेजारच्या सीटवर बसून ते रोज एकच गोष्ट सांगत, आणि तीही विनंती केल्यासारखी.

“मॅडम, धुकं आहे तेवढ्यापुरता फॉगलाईट. धुकं हटलं का बंद. अन् समोरून कोणी आलं का डिपर. त्याले घरी जाऊ द्या, आपण शाळेत जाऊ.”

“अन् त्यानं नाही दिला तर?”

“तर त्यानं नाही देल्ला. आपण द्यावा. आमचा बाप मागावर बसे तवा दिवा असा टांगे का उजेड कापडावर पडन. समोर माय सुताच्या कांड्या भरत बसे, तिच्या डोळ्यात नाही जाऊ देत होता.”

“सर, तुमच्या बापाले अपडाऊन नव्हतं,” मी म्हणायचे. ते हसत आणि खिडकीबाहेर बघत. माझ्यासारखीशी बोलण्याची त्यांची तेवढीच रीत होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. गाडी माझी, चालवायचे मीच. पण गावात शिरताना सर चालवत. सुरुवातीला एकदा गावाच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, “सरनं ड्रायव्हर बाई ठेवली, मोठे साहेब झाले आता.” माणसं हसली. मी एम. ए., बी. एड. झालेली बाई, माझ्या पैशानं घेतलेल्या माझ्या गाडीत मला ड्रायव्हर म्हणतात म्हणून डोकं फिरलं. त्या बोलणाऱ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं. पण मी दुसराच उपाय काढला. फाट्याच्या अलीकडे कालव्याचा पूल आहे. तिथे गाडी थांबवायची, सरांनी माझ्या जागी बसायचं आणि मी त्यांच्या. म्हणजे गावाला दिसावं की मॅडम मालकिणीसारख्या बाजूला बसून येतात. सरांना यात काहीच वाटलं नाही. रोज सकाळी पुलावर उतरून ते गाडीला वळसा घालत आणि सीट मागे सरकवून बसत. त्यानंतर त्या गावानं मला कधीच गाडी चालवताना पाहिलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची असते. जानेवारीतल्या त्या शनिवारी आम्ही पावणेसहाला निघालो. कन्हानचा पूल ओलांडला आणि धुकं असं दाटलं की बॉनेटच्या पुढे जग संपलं. माझे पांढरे, वर तोंड केलेले फॉगलाईट त्या धुक्यावर आपटून माझ्याच तोंडावर परत येत होते. सर म्हणाले, “हे बंद करा, साधा लाईट डिपरवर, खाली ठेवा, डावीकडची पट्टी पाहत चला. जास्त दिसन.” ते खरं होतं. मी केलं नाही. सरांचं ऐकणं म्हणजे त्या कारागिराचंही ऐकणं झालं असतं.

कालव्याचा पूल जवळ आला असेल तेव्हा समोरून एक टेम्पो आला, लाईट पूर्ण अप्परवर. मी डिपर दिला. त्यानं दिला नाही. मी परत दिला. मग मी माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं चालू केलं. टेम्पोवाल्यानं लांब हॉर्न मारला, शिवी दिली असेल, आणि तो माझ्या बाजूनं निघून गेला. माझा राग त्याच्यावर होता. तो गेला होता, राग मात्र राहिला होता, आणि लाईट चालूच होते.

“मॅडम, कमी करा. त्याच्या मागं कोणी असन.”

“असू द्या.”

हे दोन शब्द मी बोलले. ते मला शब्दशः आठवतात.

टेम्पोच्या मागे एक छोटा पिवळा दिवा होता. तो डगमगला, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, आणि दिसेनासा झाला. मग पत्र्याचा आवाज आला, मोठा, आणि त्यानंतर माणसाचा. गाडी कशी थांबवली ते आठवत नाही. लाईट तसेच ठेवून मी दार उघडून धावले.

रस्त्याच्या कडेला कालव्याची सिमेंटची भिंत होती. मोटरसायकल तिच्यावर आदळून आडवी पडली होती, मागचं चाक फिरत होतं. दोन्ही बाजूंना लटकवलेले दुधाचे कॅन फुटले होते आणि नुकत्याच काढलेल्या दुधाची वाफ निघत होती. गावातलाच दूधवाला होता तो, डेअरीवर दूध घालायला निघालेला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली वळायला नको तिकडे वळला होता आणि पायजम्यातून हाड बाहेर आलं होतं. मी दुधात बसले, एक हात त्याच्या डोक्याखाली घातला आणि दुसऱ्यानं साडीचा पदर त्याच्या मांडीवरच्या जखमेवर घट्ट दाबून धरला. माझ्या बोटांमधून रक्त येतच होतं. मी त्याच्याशी काहीतरी बोलत होते. तो डोळे गच्च मिटून फक्त म्हणत होता, “दिसून नाही राहिलं, मले दिसून नाही राहिलं.”

फाट्यावरची टपरी शंभर पावलांवर. आवाज ऐकून माणसं तिथून धावत आली. धुक्यातून आमच्या दिशेनं त्यांची फक्त हाक ऐकू येत होती, कारण माझे सगळे लाईट त्यांच्याच तोंडावर होते. ती माणसं हात आडवे धरून, अडखळत, डोळे झाकत येत होती. सरांनी ते पाहिलं. ते माझ्यामागे खाली उतरले होते, पण जखमीपर्यंत आले नाहीत. मागे वळले, चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि आत वाकून लाईटची बटणं शोधू लागले. मदतीला येणाऱ्यांच्या डोळ्यांवरचा उजेड काढावा, एवढंच त्यांच्या मनात आलं. माझ्या मनात ते आलंच नव्हतं.

लाईट विझले, आणि त्या माणसांना पहिल्यांदा काही दिसलं. त्यांना दिसले स्टिअरिंगवर वाकलेले सर, एक हात बटणावर.

सगळ्यात पुढे दूधवाल्याचा धाकटा भाऊ होता. त्यानं भावाचा पाय पाहिला आणि शेजारी उभ्या असलेल्या बैलगाडीची उभारी उपसली. उभारी म्हणजे गाडीच्या कडेला खोचलेला मनगटाएवढा दांडा. पहिला तडाखा सरांच्या पाठीवर बसला आणि ते सीटवर तोंडावर पडले. त्यांना कमरेला धरून बाहेर ओढलं तेव्हा डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. चष्मा गेला. मग हात, लाथा, चपला. कोणी कोणाला मारत होतं ते एकमेकांनाही कळत नसेल. “दिसत नाही काय बे तुले, माणूस नाही दिसत?” असं विचारत विचारत ते मारत होते. सर खाली बसले होते, दोन्ही हात डोक्यावर. भावानं उभारी टाकली, कानटोपी ओढून काढली, आणि उघड्या तळव्यानं डाव्या कानावर अशी ठेवून दिली की सर आडवे झाले आणि काही वेळ उठले नाहीत.

तो भाऊ सरांचाच विद्यार्थी. सरांनी त्याला वर बघून “बेटा” म्हटलं, ते मी ऐकलं. त्यानंही ऐकलं असणार, कारण त्यानंतरच त्यानं कानावर मारलं.

आणि मी दहा पावलांवर बसले होते. माझं तोंड उघडं होतं. घशात आवाज होता. वर्गात पंचेचाळीस पोरांना एका हाकेत गप्प करणारी बाई मी. ‘सर नाही, मी’ एवढे तीन शब्द. मी ते काढले नाहीत. मला भीती वाटली. ती उभारी माझ्या अंगावर कशी बसेल ते मला दिसत होतं, आणि ती दुसऱ्याच्या अंगावर बसते आहे याचं मला बरं वाटत होतं. याहून सभ्य शब्दांत हे सांगता येत नाही.

मार थांबवला तो सरांनीच. उठून बसले आणि म्हणाले, “आधी त्याले गाडीत घाला. दवाखान्यात न्या. मग मले मारजा.” हे ऐकून माणसांचे हात खाली आले. दूधवाल्याला माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घातलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. भाऊ पुढे बसला, उभारी दोन गुडघ्यांमध्ये घेऊन, आणि सरांना म्हणाला, “चाल. चालव.”

आणि सरांनी गाडी चालवली. चष्म्याशिवाय, डाव्या कानातून गळ्यावर रक्त येत असताना, पारशिवनीच्या सरकारी दवाखान्यापर्यंत. फॉगलाईट बंद, हेडलाईट डिपरवर, डावीकडची पट्टी धरून. वाटेत समोरून दोन गाड्या आल्या. दोन्हींना त्यांनी डिपर दिला. मी आरशात त्यांचं तोंड पाहत होते आणि मला तेव्हाही बोलता आलं असतं.

दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या कानात कापूस घालून त्यांना बसवलं होतं. दूधवाल्याला नागपूरला न्यायची गाडी आली होती आणि सगळे तिकडे गेले होते. मी सरांजवळ गेले आणि म्हटलं, “सर, मी सांगून देते.”

“काय सांगता?” ते म्हणाले. “आता सांगाल तर हे लोकं तुमच्यावर येतील. अन् त्या पोट्ट्याले कळन का त्यानं बिनाकामाचं आपल्या मास्तरले मारलं. मार एकदा खाऊन झाला, मॅडम. आता दुसऱ्यानं काहून खावा?”

मी वाद घातला नाही. नाक्यावर, पंपावर, बँकेत, रांगेत, प्रत्येक ठिकाणी वाद घालणारी मी, तिथे मान हलवून शेजारी बसले. मला सुटल्यासारखं वाटलं.

पोलिसात कोणी गेलं नाही. गाडी मोटरसायकलला लागलीच नव्हती, माझ्या गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता, आणि तीच गोष्ट मी स्वतःला रोज सांगत असे. दूधवाल्याच्या पायात रॉड पडला. सरांच्या डाव्या कानाचा पडदा गेला तो परत आला नाही. ते पुन्हा माझ्या गाडीत बसू लागले, डावीकडच्या सीटवर, म्हणजे चांगला कान माझ्याकडे. लाईटविषयी मात्र ते कधीच काही बोलले नाहीत. एका रविवारी मी अंगणात गेले आणि त्याच पान्यानं माझे दोन्ही फॉगलाईट फोडले. बंपर वाकेपर्यंत मारत राहिले. नवरा दारात उभा राहून बघत होता. त्याला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, “लाईट फोडून काय होते? तोंड उघड नं.”

एप्रिलअखेर सर निवृत्त झाले. त्या गावात मास्तर जातो तेव्हा अख्खं गाव शाळेत येतं, शाल, नारळ, बायका ओवाळतात. सरांच्या निरोपाला आम्ही शिक्षक होतो आणि खिचडी शिजवणाऱ्या बाई. गावातून कोणी आलं नाही. एकोणीस वर्षांनंतर ते त्या गावासाठी दूधवाल्याचा पाय तोडणारा मास्तर झाले होते. मला भाषण करायला सांगितलं. मी उठले, सरांच्या शिस्तीबद्दल बोलले, मोठ्या मनाबद्दल बोलले, आणि खाली बसले. सरांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या हिवाळ्यात पहिलं धुकं पडलं त्या शनिवारी मी नव्या शिक्षिकेला घेऊन चालले होते. आता मी सीट बदलत नव्हते. फाट्यावर चहाला थांबलो तर टपरीवाल्यानं तिला कालव्याची भिंत दाखवली. “इथंच त्या मास्तरनं आमच्या माणसाचा पाय घेतला, मॅडम. धुक्यात फुल लाईट मारून. शिकलेला माणूस, पण अक्कल नाही.” मी चहाचा ग्लास त्याच्या टपरीवर फेकून मारला. तो फुटला. टपरीवाला काचा वेचायला वाकला आणि मला कळलं की मी अजूनही चुकीच्याच माणसाला मारते आहे.

शाळा सुटल्यावर मी दूधवाल्याच्या घरी गेले. तो ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता, पाय स्टुलावर. मी उभ्यानंच सांगितलं, “गाडी मी चालवत होती. लाईट मी मारला. सरचा काही संबंध नव्हता.”

तो म्हणाला, “मले माहीत हाय, बाई.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“तुम्ही माह्या डोक्याखाली हात देल्ला होता नं. सारखं म्हणून राहिल्या होत्या, ‘माह्याकडून झालं, माफ करा, माह्याकडून झालं.’ डोळ्यानं दिसून नव्हतं राहिलं, कान तर शाबूत होते.”

“मग तुम्ही काहून नाही सांगितलं?”

“कोणाले सांगू? भाऊ तर सरले मारून बसला होता. त्याले सांगू का, का तू गुरूले फुकट मारलं? मले वाटलं तुम्ही सांगसान. मी वाट पाहून राहिलो होतो.”

भाऊ गोठ्यात होता. दूधवाल्यानं त्याला हाक मारली आणि मला म्हणाला, “आता तुम्हीच सांगा.” मी सांगितलं. तो उभ्याचा खाली बसला. हात शेणानं भरलेले होते. मी म्हटलं, “तुले मारायचं असन तर मले मार.”

“तवा काहून नाही बोलल्या तुम्ही?”

“भेव वाटलं.”

“कशाचं भेव?” तो म्हणाला. “तुम्ही बोलल्या असत्या तर कोणी हातच नसता लावला. बायांले आम्ही मारत नाही.”

हे खरं असेल किंवा नसेल. पण त्या दिवशी माझ्या तीन शब्दांनी कदाचित कोणालाच मार बसला नसता, हे मला त्यानं सांगितलं, आणि ज्या भीतीला मी वर्षभर कारण म्हणून धरून बसले होते ती माझ्या हातातून गेली.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी सरांच्या घरी गेले. सरांच्या बायकोनं दार उघडलं. सर खाटेवर पेपर वाचत बसले होते. मी घाईनं त्यांच्या डाव्या बाजूलाच टेकले आणि हळू आवाजात म्हटलं, “सर, मी गावात सांगून आली. त्या दिवशी गाडी मी चालवत होती म्हणून.”

“काय म्हणता?” सरांनी मान वळवून उजवा कान पुढे केला. “जोरात बोला, मॅडम. इकडून नाही येत ऐकू.”

त्यांची बायको चहा घेऊन आली होती. मी तिच्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. सरांनी मला डोळ्यांनीच नको म्हटलं. तेव्हा मला समजलं की त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं.

मी जोरात सांगितलं.

सरांच्या बायकोनं कप खाली ठेवले. मग माझ्याकडे वळल्या. “वर्षभर मी याईले बोलून राहिली, बाई. म्हातारपणी काय एवढी घाई होती म्हणून. गरिबाचा पाय तोडला, एकोणीस वर्षाचं नाव मातीत घातलं, गावानं नारळसुद्धा देल्ला नाही म्हणून. रोज. जेवताना, झोपताना. हे हूं की चूं करत नव्हते. मले वाटे, बहिरे झाले म्हणून ऐकू येत नसन.” त्या माझ्यासमोर बसल्या. “त्या शिव्या आता मी कोणाले देऊ?”

सर म्हणाले, “चहा थंडा होऊन राहिला.”

“मले द्या,” मी म्हटलं.

आणि त्यांनी दिल्या. बसून, हळूहळू, एकही न विसरता, वर्षभराच्या सगळ्या. सर पेपर तोंडासमोर धरून बसले होते. मी मान खाली घातली नाही. तोंड उघडलं नाही. त्या थांबल्या तेव्हा कपांवर साय आली होती, आणि त्यांनी त्यातलाच एक कप उचलून माझ्या हातात दिला.